लकवा झालेल्या वडिलांना घेऊन केज ते संभाजीनगर: रस्ता सोडा, गेटच्या आतलं बघा

सगळ्यांनी रस्त्याचीच भीती घातली होती. मांजरसुंब्याचा घाट कसा, गेवराईच्या पुढं कसं. प्रत्यक्षात केज-मांजरसुंबा-बीड-गेवराई-शहागड-पाचोड हा रस्ता पेशंटला काहीच जड गेला नाही. मांजरसुंब्यानंतर सगळा चौपदरी, अंतर पावणेदोनशे-दोनशेच्या आसपास. त्यावर जास्त लिहीत नाही. जीव मेटाकुटीला आला तो दवाखान्याच्या गेटपासून ओपीडीपर्यंतच्या तीनेकशे मीटरमध्ये, आणि त्याबद्दल आधी कुणी चकार शब्द काढला नव्हता.

गाडी मित्राची, वॅगनआर. दुसऱ्या एकानं बोलेरो देऊ केली होती. मिळाली तरी घेऊ नका. सीट उंच, पेशंटला वर चढवावं लागतं, आणि एका पायावर भार देणाऱ्याला ते जमत नाही. अल्टोसारखी खाली बसकी गाडीही नको, उठवताना कंबर आपली जाते. सीट साधारण व्हीलचेअरच्या उंचीची हवी, एकोणीस-वीस इंच. पेशंट पुढच्या डाव्या सीटवर, पाठ थोडी मागं. पूर्ण आडवी केली की पट्टा पोटावर सरकतो. लकवा झालेला हात मांडीवर उशी ठेवून त्यावर, लोंबकळू द्यायचा नाही.

आता मुख्य गोष्ट. डावी बाजू गेलेली असेल तर घरून बसवणं सोपं असतं. व्हीलचेअर गाडीच्या तोंडाकडं तोंड करून दाराला लावली की सीट पेशंटच्या उजव्या, म्हणजे चांगल्या बाजूला येते. पायाच्या पट्ट्या काढा, दोन्ही ब्रेक लावा, कमरेला गमछा घट्ट बांधून तो धरा. पेशंटचा लुळा गुडघा आपल्या गुडघ्यानं अडवा. उभं करा, वळवा, आधी बूड टेकवा, मग पाय आत. डोक्यावर मित्राचा हात, नाहीतर छताची कड लागते. सीटवर आधी एक जाड प्लॅस्टिकची पिशवी अंथरली तर अंग सहज फिरतं. बसल्यावर पिशवी काढून घ्या, नाहीतर प्रत्येक गतिरोधकाला पेशंट पुढं घसरतो.

उतरवताना हेच उलटं होतं. पेशंटचे पाय बाहेर काढले की त्याचा उजवा हात गाडीच्या पुढच्या अंगाला येतो, आणि तिथं उघडं दार असतं. गेटवरचा माणूस "चला, चला, गाडी काढा" म्हणतो आणि कुणीतरी खुर्ची मोकळ्या जागेत, म्हणजे डाव्या लुळ्या बाजूला लावून देतो. तिकडं वळवलं की गुडघा दुमडतो आणि पेशंट खाली बसतो. मग घाईत चार हात पुढं येतात आणि त्यातला एक नेमका लुळा दंड धरून ओढतो. खांदा निखळतो तो असाच. दार शेवटपर्यंत उघडा, मित्रानं ते धरून ठेवायचं, खुर्ची दार आणि सीटच्या मध्ये तिरकी घालायची. त्यासाठी गाडीच्या डाव्या बाजूला चार फूट जागा लागते, म्हणून नालीला किंवा फुटपाथला चिकटवून गाडी लावू नका. गेटवाला ओरडला तर ओरडू द्या. उजवी बाजू गेलेली असेल तर उलटं धरा: बसवणं अवघड, उतरवणं सोपं.

पुढं रॅम्प. रॅम्प होता, पण त्यावर मोटारसायकली लावलेल्या. रॅम्प चढताना खुर्ची सरळ ठेवून मागून ढकला, उतरताना मात्र उलटी फिरवून आपण खाली राहून न्या. सरळ उतरवली तर पेशंट तोंडावर येतो. सिटी स्कॅन दुसऱ्या इमारतीत होतं, मधली फरशी उखडलेली. दवाखान्याच्या खुर्चीचं पुढचं एक चाक फिरत नव्हतं. घरची घडीची खुर्ची असेल तर तीच न्या, वॅगनआरची मागची सीट पाडली की मावते.

लघवीची नळी असेल तर निघताना पिशवी रिकामी करा. ती कायम कमरेच्या खाली राहिली पाहिजे. स्ट्रेचरवर उचलताना लोक ती सरळ पोटावर ठेवतात, लघवी उलटी जाते आणि जंतुसंसर्ग होतो. नळीला चिमटा लावलाच तर खाली टेकवल्याबरोबर काढा. नाकातल्या नळीनं भरवत असाल तर निघण्याआधी तासभर भरवू नका, आणि वाटेत भरवल्यावर अर्धा-पाऊण तास उठवून बसवल्याशिवाय गाडी हलवू नका. गाडीत दर अर्ध्या तासाला बूड एका अंगावरून दुसऱ्या अंगावर करा.

कामं अशी वाटा: रांग, सही, कागद मुलाकडं. पेशंटजवळ मित्र. उलटं केलं की प्रत्येक खिडकीवर "नातेवाईक कोण?" विचारतात आणि मित्र परत येतो. पण मित्राला एक गोष्ट बजावून सांगा: तोंडानं पाणी नाही, चहा तर नाहीच. गिळता येत नसेल तर मायेनं पाजलेला घोटभर चहा फुप्फुसात जातो. तोंडी सांगून भागत नाही, चिठ्ठीवर लिहून खुर्चीला चिकटवा, कारण शेजारच्या पेशंटच्या मावशीही बिस्कीट घेऊन येतात.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं (सरकारची मोफत उपचाराची योजना): ती लागू होते भरती झाल्यावर, यादीतल्या उपचाराला. नुसत्या ओपीडीच्या तपासणीला साधारणपणे नाही, तेव्हा त्या भरवशावर रिकाम्या खिशानं जाऊ नका. रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव जुळतं का ते केजलाच बघा. "बापुराव" आणि "बापूराव" एवढ्यावरही अडतं. दवाखान्यात योजनेचा माणूस बसतो, त्या आरोग्यमित्राचा टेबल आधी गाठा. अडलं तर योजनेची हेल्पलाइन १५५३८८.

परतीला गेटवरच्या खाजगी रुग्णवाहिकेनं साडेआठ हजार सांगितले, त्यात ऑक्सिजनचे वेगळे. पेशंटला ऑक्सिजन लागतच नव्हता. शुद्ध लुबाडणूक. घ्यावीच लागली तर तीन प्रश्न विचारा: किलोमीटर एका बाजूचे की जाऊन-येऊन, थांबण्याचे किती, टोल कुणाचा. उत्तर कागदावर घ्या. रुग्णवाहिकेचे दर परिवहन खात्याकडून ठरलेले असतात, दरपत्रक मागितलं की आकडा खाली येतो. १०८ फुकट आहे, पण ती तातडीच्या पेशंटसाठी. तारखेच्या तपासणीला येत नाही.

मित्र पैसे घेणार नाही. म्हणून निघतानाच पंपावर आपण आधी उतरा आणि टाकी भरा, फास्टॅगचा रिचार्जही आदल्या रात्री करून टाका.

दुपारी एकच्या आत संभाजीनगर सोडा. ऊसतोडीच्या दिवसांत मांजरसुंबा ते केज दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर मागं दिवा नसताना चालतात, तेवढा तुकडा उजेडात पार करा.