बेगमी

मे संपत आला की आजीचं एकच पालुपद, "आगोटची बेगमी झाली का गो?" अलिबागकडचं आमचं घर, आगोट म्हणजे तिकडे पावसाळ्याची सुरुवात. पावसाळ्यात मासेमारी बंद, म्हणून सुकट, बोंबील, सोडे आधीच डब्यात. चिंचेला मीठ चोळून गोळे, मसाल्याच्या बरणीत हिंगाचा खडा, वर फडक्याचा दादरा. तो आजी स्वतः बांधायची, आईलाही हात लावू द्यायची नाही.

मला वाटायचं, बेगमी म्हणजे कुठल्यातरी बेगमेचं सामान! पण राजवाड्यातली बेगम तुर्की वळणाची. हिचा तिच्याशी संबंध नाही. ही फारसीतली. 'बे' म्हणजे विना, 'गम' म्हणजे दुःख, काळजी. बेगमी म्हणजे मुळात निश्चिंती. मराठीत येऊन ती निश्चिंती थेट डब्यात जाऊन बसली. 'साठा' म्हटलं की मला गोदाम दिसतं, व्यापारी दिसतो. बेगमीत मात्र बाहेर धो धो पाऊस आणि चुलीवर भाजत असलेला बोंबील.

आता पुण्यात दहा मिनिटांत सगळं दारात येतं. तरी काल दोन किलो सुकट आणली. नवरा नाक दाबून विचारतोय, एवढी कशाला?