नोंद ७: तीन फायली एकत्र आल्या आणि ‘हप्ता’ हरवला

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की कुस्तीच्या पुस्तिकेची तीनही प्रकरणं लावून झाली आहेत, आता फक्त जोडायची राहिली. त्या ‘फक्त’नं पुढचे अकरा दिवस घेतले. इनडिझाईनमध्ये (पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये) पुस्तक करणाऱ्या कुणालाही हे भोवू शकतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. आकार डेमी, ६४ पानं, म्हणजे सोळा पानी चार फर्मे (एका कागदावर एकत्र छापली जाणारी पानं म्हणजे फर्मा). पहिलं प्रकरण माझं: कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९०२ च्या विलायतवारीत रोमचं कलोसियम पाहिलं तिथपासून १९१२ मध्ये खासबाग हे कुस्तीचं मैदान उभं राहीपर्यंत. दुसरं प्रकरण माझ्या मावसभावाचं. त्यानं गंगावेस, मोतीबाग आणि शाहूपुरी तालमीतल्या जुन्या मल्लांच्या आठवणी गोळा केल्यात. तिसरं एका मित्राचं, डावांचा कोश. तिघंही नोकरी सांभाळून रात्री बसणारे, त्यामुळे तीन घरी तीन फायली झाल्या. सुरुवातीलाच ठरवलं होतं की स्टाईलची (फॉन्ट, आकार, रंग हे एका नावाखाली साठवून ठेवतात ती स्टाईल) नावं सगळ्यांनी सारखीच ठेवायची: ‘शीर्षक’, ‘मजकूर’, ‘ठळक’. पुढे जोडायला सोपं जाईल असं वाटलं होतं. सगळा घोळ त्यातूनच झाला.

रविवार. लेआउट मेनूतल्या मूव्ह पेजेसनं दोन्ही फायलींची पानं माझ्या फायलीत घेतली. पाच मिनिटांचं काम. पानं आली, चित्रं आली, मास्टर पानंही (पानांचा सामाईक साचा) आली. पण मित्राच्या कोशातला मजकूर शेवटच्या पानाबाहेर गेला आणि चौकटीच्या कोपऱ्यात, मजकूर मावत नसल्याचं, लाल अधिकचं चिन्ह दिसू लागलं. त्याचा ‘मजकूर’ मुक्ता फॉन्टमध्ये ११ पॉइंटचा, ओळीतलं अंतर १६. माझा ‘मजकूर’ तिरो देवनागरी मराठीत १२ वर १८. दोन फायलींत एकाच नावाची स्टाईल असली की पानं ज्या फायलीत जातात तिथली व्याख्या लागू होते, आलेल्या पानांची सुटते. सॉफ्टवेअर काही विचारत नाही, कारण त्याच्या लेखी नाव एक म्हणजे स्टाईल एक. चौकट १६० मिलिमीटर उंच. तिच्यात आधी २८ ओळी बसायच्या, आता २५. पानामागं तीन ओळी वाढल्या तर चार फर्म्यांचा हिशेब कुठून जमणार?

पण जास्त नुकसान ‘ठळक’नं केलं आणि ते मला दिसलंच नाही.

कोशात मित्रानं डावांच्या नावांना ‘ठळक’ लावलं होतं. त्याच्याकडे ही कॅरॅक्टर स्टाईल (अख्ख्या परिच्छेदाऐवजी निवडक शब्दांना लावायची) म्हणजे मुक्ता सेमीबोल्ड आणि विटकरी रंग. माझ्या प्रकरणात ‘ठळक’ होतं साल आणि व्यक्तींच्या नावांसाठी, आणि तेही फारच सौम्य. तिरोमध्ये ठळक वजनच नाही, फक्त साधं आणि तिरकं, म्हणून मी नुसतं अक्षरांमधलं अंतर किंचित वाढवलं होतं. पानं जोडल्यावर कोशातले सगळे डाव माझ्या व्याख्येत आले आणि आजूबाजूच्या मजकुरात मिसळून गेले.

मंगळवारी प्रिंट काढून तालमीत नेली. आमच्या ओळखीचे एक वस्ताद आहेत, वय ऐंशीच्या घरात. प्रत्येक पान त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय आम्ही पुढं सरकत नाही. त्यांनी चष्मा वर केला, बोट ठेवलं आणि म्हणाले, “काय रं, ह्यो हप्ता कुस्तीतला का ब्यांकेतला?”

मी वाक्य वाचलं. ‘समोरचा दमला की हप्ता भरावा.’ खाली आणखी एक: ‘निकाल लवकर लागला तर झोळीची गरज पडत नाही.’ हप्ता, निकाल, झोळी, मोळी, पट, सवारी: कुस्तीतल्या डावांची अर्धी नावं घरातले रोजचे शब्द आहेत. मातीत वाढलेला माणूस संदर्भानं ओळखतो. पण आमची पुस्तिका शाळेतल्या पोरांसाठी आहे, आणि त्यांना ‘निकाल’ हा डाव आहे हे सांगणारी एकच खूण पानावर होती, ती विटकरी सेमीबोल्ड. ती गेली तशी वाक्यातली माहितीच गेली. स्टाईल म्हणजे सजावट, असं मीही आजवर धरून चाललो होतो.

“मामा, दोन दिवसांत नीट करून आणतो,” म्हणालो. आठ दिवस लागले.

त्यातली एक अख्खी संध्याकाळ मावसभावाच्या प्रकरणात गेली. तिथं दुखणं वेगळंच होतं. मल्लांच्या आठवणींना त्यानं ‘आठवण’ नावाची स्टाईल केली होती. या नावाची स्टाईल माझ्याकडे नव्हती, म्हणजे ती जशीच्या तशी यायला हवी. फॉन्ट तसाच आलाही, मुक्ता लाइट. पण ‘वस्ताद’मधला ‘स्त’ फुटून स चा पाय मोडलेला दिसत होता आणि सगळ्या पहिल्या वेलांट्या अक्षरामागं जाऊन बसल्या होत्या. मी फॉन्टवर संशय घेतला. काढला, परत टाकला, मशीन बंद करून चालू केलं. काही फरक नाही.

कारण कंपोझर, म्हणजे अक्षरं आणि ओळी जुळवणारा इनडिझाईनचा भाग. देवनागरी नीट जुळण्यासाठी परिच्छेदाला अडोबी वर्ल्ड-रेडी कंपोझर लागतो, आणि ती निवड पॅराग्राफ स्टाईलच्या जस्टिफिकेशन विभागात साठवलेली असते. भावानं ती ‘आठवण’मध्ये केलीच नव्हती. त्यानं थेट बेसिक पॅराग्राफ ही इनडिझाईनची मूळची स्टाईल बदलून ठेवली होती आणि ‘आठवण’ त्यावर आधारलेली होती. बेसिक पॅराग्राफ प्रत्येक फायलीत असतोच, तोही त्याच नावानं. म्हणजे ‘आठवण’ माझ्या फायलीत आली ती माझ्या बेसिक पॅराग्राफच्या पदराखाली, आणि मी त्याला कधी हात लावला नव्हता, तिथं साधाच कंपोझर होता. जे तिचं स्वतःचं होतं ते टिकलं, जे वारशानं मिळालेलं होतं ते गेलं. रोमन लिपीत काम करणाऱ्याला अशा वेळी ओळी थोड्या इकडंतिकडं तुटलेल्या दिसतील. आपल्याकडे कुस्तीची ‘कुस् ती’ होते.

गुरुवारी ती जोडलेली फाइल टाकून दिली. आत बसून एकेक जागा दुरुस्त करायचा मोह झाला होता, पण कोशात डावाचं नाव दीडशेच्या आसपास ठिकाणी येतं आणि त्यातलं एक जरी सुटलं तरी वाक्य चुकीचं ठरतं. मूळ तिन्ही फायली शाबूत होत्या. तिथूनच परत सुरुवात केली.

आधी प्रत्येक मूळ फायलीत स्टाईलची नावं बदलली, पुढे प्रकरणाची खूण लावून: कोशाला ‘को’, तालमींना ‘ता’, खासबागला ‘खा’. कोशातलं ‘मजकूर’ झालं ‘को-मजकूर’ आणि ‘ठळक’ झालं ‘को-डाव’. भावाच्या फायलीत ‘ता-मजकूर’, ‘ता-आठवण’. माझं ‘ठळक’ आता ‘खा-साल’ आणि ‘खा-व्यक्ती’ असं दोन ठिकाणी विभागलंय. नाव दिसण्यावरून ठेवलं की असं होतं: ‘ठळक’ म्हणजे तिघांच्या मनात तीन गोष्टी, पण ‘डाव’ म्हणजे तिघांनाही डावच.

मग भावाच्या फायलीत ‘ता-पाया’ नावाची स्टाईल केली. ती नो पॅराग्राफ स्टाईलवर आधारलेली, म्हणजे दुसऱ्या कुठल्याच स्टाईलवर न टेकलेली, आणि फॉन्ट, भाषा, कंपोझर सगळं तिच्यातच लिहिलेलं. त्याच्या बाकीच्या स्टाईल बेसिक पॅराग्राफवरून काढून हिच्यावर टेकवल्या.

तिसरं काम किचकट होतं. कोशात काही पानांवर मित्रानं कॅरॅक्टर स्टाईल न लावता हातानंच सेमीबोल्ड केलं होतं. स्टाईलच्या नावापुढे अधिकचं चिन्ह दिसतं ते याचंच. अशा परिच्छेदावर ऑल्ट दाबून स्टाईल लावली की हातानं केलेलं सगळं पुसलं जातं. म्हणून जोडण्याआधी फाइंड/चेंजमध्ये शोधायच्या खान्यात नुसतं मुक्ता सेमीबोल्ड दिलं आणि बदलायच्या खान्यात ‘को-डाव’. ‘चेंज ऑल’ वापरलं नाही, एकेक पाहत गेलो, कारण दोन ठिकाणी त्यानं मल्लाचं नावही तसंच ठळक केलेलं निघालं.

शनिवारी पुन्हा पानं जोडली. एकही नाव दुसऱ्यावर आदळलं नाही, तिन्ही प्रकरणं आपापल्या रूपात आली. मग एकसारखं करण्याचं काम जोडलेल्या फायलीत केलं: ‘को-मजकूर’ डिलीट करायला गेलं की त्याजागी कोणती स्टाईल लावायची हे इनडिझाईन विचारतं. तिथं माझा ‘मजकूर’ निवडला. बदल तोच, पण या वेळी माझ्या सांगण्यावरून आणि माझ्यासमोर. ‘को-डाव’ला मात्र हात लावला नाही. ओळी वाढणार हे माहीत होतं, म्हणून आधीच ‘मजकूर’ ११.५ वर १६.५ केला. पानं ६४ च राहिली.

बुक पॅनेल (अनेक फायली एका पुस्तकात बांधायची सोय) वापरून तिन्ही फायली वेगळ्याच ठेवाव्यात, असं एकानं सुचवलं होतं. पुढच्या पुस्तिकेला तसं करेन. पण सिंक्रोनाइझ केलं, म्हणजे सगळ्या फायलींच्या स्टाईल एकसारख्या केल्या, की तिथंही मुख्य फायलीतली व्याख्या त्याच नावाच्या बाकी स्टाईलवर चढते, तेव्हा नावांची ही मेहनत तिथंही चुकत नाही.

आजची स्थिती: पहिले दोन फर्मे लक्ष्मीपुरीतल्या छापखान्यात दिलेत. तिसऱ्याची प्रिंट काल वस्तादांकडे गेली. त्यांनी सगळ्या डावांवरून बोट फिरवलं, ‘हप्ता’पाशी थांबले, मान हलवली आणि पान उलटलं. चौथ्या फर्म्यात ‘पोकळ घिस्सा’ या डावाच्या नोंदीवर त्यांचं आणि मित्राचं एकमत होत नाहीये, तेवढं अडलंय. रविवारी दोघंही तालमीतल्या मातीच्या हौदात उतरून दाखवणार आहेत. मी कॅमेरा घेऊन जातोय.