डाउटमधला मुका बी

ठाण्याच्या नौपाड्यात, घराच्याच बाहेरच्या खोलीत मी आठवी-नववीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. "मॅडम, डाउट!" हे तासाला दहादा तरी ऐकू येतं. 'शंका' कुणी म्हणत नाही. एकाने एकदा म्हटलं, तर मागून आवाज आला, "लघु की दीर्घ?" तेव्हापासून तो शब्द हद्दपार.

परवा डिक्टेशनमध्ये एकाने डाउटचं स्पेलिंग डी-ओ-यू-टी लिहिलं. मी लाल गोल करून अर्धा मार्क कापला. तो म्हणतो, "बी बोलायचाच नाही तर लिहायचा कशाला?" "पाठ कर," मी म्हटलं. इतकी वर्षं हेच उत्तर देत आलेय. या वेळी मात्र ते माझ्याच घशात अडकलं. रात्री ओटा पुसून झाल्यावर शोधायला बसले.

पोरगं बरोबर होतं, फक्त पाच-सहाशे वर्षं उशिरा जन्मलं! हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्यात बी नव्हताच. पुढे पंडितांना त्याचं लॅटिन कूळ, म्हणजे 'दुबितारे', मिरवायचं होतं, म्हणून त्यांनी बी घुसवला. कर्जाच्या 'डेट'मधलाही तसाच. लोकांनी तो लिहिला, पण उच्चारला नाही. शेक्सपिअरच्या 'लव्ह्ज लेबर्स लॉस्ट'मध्ये (छापील प्रत १५९८ची) होलोफर्निस नावाचे मास्तर आहेत, ते बी गिळणाऱ्यांवर जाम उखडतात. माझेच भाऊबंद.

'दुबितारे'च्या पोटात 'दुओ' आहे, म्हणजे दोन. जर्मनमध्येही संशयाला 'त्स्वायफेल' म्हणतात आणि दोनाला 'त्स्वाय'. आपली द्विधा त्यातलीच. तळ्यात-मळ्यात म्हणा ना! ठाणे स्टेशनच्या पुलावर माझं रोज हेच होतं. खाली स्लो उभी असते, तेवढ्यात फास्टची घोषणा होते, एक पाय जिन्यावर, एक पुलावर, आणि मागचे लोक ओरडतायत, "अहो ताई, उतरा तरी!" शेवटी दोन्ही जातात.

आणखी एक सापडलं, ते मात्र मनात रुतलं. पूर्वी इंग्रजीत या शब्दाचा अर्थ भीती असाही होता. धाक वाटावा अशा माणसाला 'रिडाउटेबल' म्हणतात, ते त्यातूनच. आणि संस्कृतातल्या 'शंके'तही भीती आहेच. म्हणून तर निःशंक म्हणजे बेधडक. माझ्याकडे एक मुलगी आहे, ती तासात कधी हात वर करत नाही. क्लास सुटला, सगळे दारात चपला शोधायला लागले, की टेबलापाशी येते आणि दप्तराचा पट्टा पिळत पुटपुटते, "मॅडम, एक विचारू?"

दुसऱ्या दिवशी त्या पोराला बीची सगळी कथा सांगितली. "म्हणजे माझा अर्धा मार्क?" "बोर्डात मागून बघ," म्हटलं.

पुढच्या डिक्टेशनला मी मुद्दाम 'डेट' घातला. पठ्ठ्याने बी लिहिला. पण पेन्सिलीने त्याच्या दोन्ही बाजूंना कंस काढून.