सर्व्हर दिसेना

सोमवारी सकाळी सव्वादहाला फोन आला, "सर, सर्व्हर गेला." पुण्यातलं एका सीएचं ऑफिस, अकरा कॉम्प्युटर, जुलैचा शेवटचा आठवडा आणि ३१ तारखेला टीडीएसच्या तिमाही रिटर्नची मुदत. आदल्या दिवशी मीच तिथल्या सर्व्हरची डिस्क बदलून उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) १८.०४ च्या जागी २२.०४ टाकलं होतं, त्यामुळे संशयित शोधायला लांब जावं लागलं नाही.

फोनवर एकच विचारलं, "झेड ड्राइव्ह कुणाकडे उघडतोय का?" सर्व्हरवरचं फोल्डर मशीनवर या नावाने जोडलेलं असतं. चौघांकडे तो उघडत होता. म्हणजे सर्व्हर जिवंत होता. बाकीचे सातजण रोज एक्सप्लोररमधल्या 'नेटवर्क'वर जाऊन, यादीतल्या नावावर क्लिक करून आत शिरत. आज यादीत ते नावच नव्हतं.

अशा वेळी दिसणं आणि पोचणं यांचा घोळ होतो. फाइलपर्यंत पोचायला टीसीपीचं ४४५ पोर्ट (सर्व्हरचं फाइलींसाठीचं क्रमांकित दार) पुरतं. 'नेटवर्क'मधली यादी मात्र वेगळ्याच यंत्रणेने भरते. सोसायटीच्या पाटीवर नाव नाही म्हणून फ्लॅट रिकामा असतो असं नाही.

तिथे गेल्यावर न दिसणाऱ्या प्रत्येक मशीनवर तेच केलं. रन खिडकीत आधी आयपी, म्हणजे सर्व्हरचा आकडी पत्ता, \\१९२.१६८.१.१०, आणि मग नावाने. आयपीने उघडतं पण नावाने नाही, तर गोंधळ नावाचा पत्ता लागण्यात. दोन्हींनी उघडतं पण यादी रिकामी, तर डिस्कव्हरीत, म्हणजे मशीन एकमेकांना शोधतात त्या यंत्रणेत. दोन्हींनी नाही, तर केबल, सबनेट (मशीन ज्या पत्त्यांच्या गटात आहे तो) किंवा फायरवॉल. तिथे पॉवरशेलच्या टेस्ट-नेटकनेक्शनने ४४५ तपासायचं. पिंगवर फार भिस्त ठेवू नये. फायरवॉल पिंग अडवून ४४५ सोडू शकतो, आणि उलटही होतं.

पाच डेस्कटॉपवर दोन्ही चाललं, यादी तेवढी रिकामी. कारण जुनं आहे. ती यादी पूर्वी कॉम्प्युटर ब्राउझर सेवा भरायची आणि ती एसएमबी १ वर, म्हणजे विंडोजच्या फाइल शेअरिंगच्या जुन्या प्रोटोकॉलवर, चालायची. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर मालवेअरने याच एसएमबी १ मधल्या भोकातून धुमाकूळ घातला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेल्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये मायक्रोसॉफ्टने ते काढायला सुरुवात केली. या ऑफिसात कुणीतरी प्रत्येक मशीनवर ते हाताने परत चालू करून ठेवलं होतं. इंटरनेटवर पहिला सल्ला तोच मिळतो. सर्व्हरवरचं जुनं साम्बा ४.७ (लिनक्सवरून विंडोजला फाइली देणारा प्रोग्रॅम) त्याला साथ देत होतं. पण साम्बाने २०१९ च्या ४.११ पासून एसएमबी १ मुळातच बंद ठेवलं, आणि २२.०४ बरोबर ४.१५ येतं. रविवारी मी नकळत ती रेघ ओलांडली होती.

आता विंडोज यादी भरतं ते डब्ल्यूएस-डिस्कव्हरीने, आणि साम्बाला ती भाषा येत नाही. त्यासाठी उबुंटूवर डब्ल्यूएसडीडी नावाचं छोटं पॅकेज टाकलं आणि फायरवॉलमध्ये यूडीपी ३७०२ व टीसीपी ५३५७ उघडलं. मिनिटभरात तीन डेस्कटॉपवर नाव आलं. उरलेल्या दोघांचं नेटवर्क प्रोफाइल 'पब्लिक' होतं. 'प्रायव्हेट' करून नेटवर्क डिस्कव्हरी चालू केली. सेवांमध्येही एक गफलत नेहमी होते. इतरांना बघायला फंक्शन डिस्कव्हरी प्रोव्हायडर होस्ट लागते आणि स्वतः दिसायला रिसोर्स पब्लिकेशन. लोक एक चालू करतात आणि दुसरीच्या नावाने खडे फोडतात. मग सगळ्या मशीनवरचं एसएमबी १ काढून टाकलं.

राहिले दोन लॅपटॉप. त्यांचा आयपी १९२.१६८.०.१०४ आणि १०५. शनिवारी मीटिंगच्या खोलीत नवा वायफाय राउटर बसला होता आणि स्विचची केबल त्याच्या वॅन (इंटरनेटच्या केबलसाठीच्या) पोर्टात घातली होती. त्याने आपलं स्वतंत्र राज्य थाटलं. चकवा असा, की तिथूनही आयपी टाकला तर सर्व्हर उघडतो, कारण बाहेर जाणारं ट्रॅफिक राउटर नॅट करून, म्हणजे त्यावर स्वतःचा पत्ता लावून, पुढे पाठवतो. पण शोधाची हाळी २३९.२५५.२५५.२५० या मल्टिकास्ट (एकदम अनेकांना पोचणाऱ्या) पत्त्यावर दिली जाते आणि ती राउटर ओलांडत नाही. उपाय म्हणजे राउटरला नुसता ॲक्सेस पॉइंट करणं. आधी त्याचा लॅन पत्ता १९२.१६८.१.२ केला (मुख्य राउटरचं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटणारी सेवा, जे पत्ते वाटते त्यांबाहेरचा), मग त्याचं डीएचसीपी बंद केलं आणि शेवटी केबल लॅन पोर्टात हलवली. केबल आधी हलवली तर एका नेटवर्कवर दोन डीएचसीपी होतात, आणि निम्म्या ऑफिसचं इंटरनेटही जातं.

आता दोन्ही लॅपटॉपवर नाव दिसलं. एकावर विंडोज ११ प्रो, २४एच२. क्लिक केल्यावर निरोप आला की सुरक्षा धोरणामुळे पासवर्डविना गेस्ट प्रवेश बंद आहे. शेअर पहिल्यापासून गेस्टला खुलं होतं. लॅपटॉपवर गेस्ट चालू करून साइनिंगची (प्रत्येक संदेशावरच्या डिजिटल सहीची) सक्ती काढली की काम भागतं, पण फोल्डरात शेकडो अशिलांचे पॅन आणि बँक स्टेटमेंट असताना ते करायला मन धजलं नाही. सर्व्हरवर प्रत्येकाचा साम्बा युजर काढला, सगळ्यांना एका ग्रुपमध्ये घातलं आणि गेस्ट बंद केलं. यात दुपार गेली. कारण एकाच सर्व्हरला विंडोज एका वेळी एकाच युजरने जोडू देतं, नाहीतर १२१९ ही एरर येते. त्यामुळे अकराही मशीनवर जुनी जोडणी नेट यूज या कमांडने तोडून, क्रेडेन्शियल मॅनेजरमधल्या नोंदी पुसून झेड ड्राइव्ह नव्याने जोडला.

चारला एक आर्टिकल (सीएकडे उमेदवारी करणारा मुलगा) आला. "सर, स्कॅन येत नाहीये." जुना कॉपियर, त्याला फक्त एसएमबी १ येतं. साम्बाच्या फाइलमध्ये किमान प्रोटोकॉल एनटी१ (म्हणजे एसएमबी १) अशी एक ओळ टाकली की झालं असतं, आणि सकाळपासूनचं सगळं पाण्यात. कॉपियरच्या मेनूत एफटीपी होतं, म्हणून सर्व्हरवर व्हीएसएफटीपीडी (एफटीपीने फाइली घेणारा प्रोग्रॅम) टाकलं आणि एकाच फोल्डरात कोंडलेला स्वतंत्र युजर दिला. कोंडलेलं मूळ फोल्डर त्या युजरला लिहिता येण्यासारखं असेल तर व्हीएसएफटीपीडी लॉगिनच नाकारतं, म्हणून मूळ फोल्डर लिहिण्यासाठी बंद ठेवून आत 'स्कॅन' नावाचं उघडं काढलं.

पावणेसहाला पहिलं स्कॅन पडलं, पण झेड ड्राइव्हवरून ते कुणाला उघडेना. व्हीएसएफटीपीडीचा मूळ यूमास्क (नव्या फाइलवर कुणाला मनाई ते ठरवणारा आकडा) ०७७ असतो, म्हणजे फाइल ज्याची त्यालाच वाचता येते. तो ०२२ केला, सेवा रीस्टार्ट केली आणि तेच पान पुन्हा काचेवर ठेवलं.