केबल बसते पण चित्र दिसत नाही

परवा जुना सीपीयू नव्या मॉनिटरला लावायला बसलो आणि अख्खा रविवार गेला. सीपीयूला मागे फक्त व्हीजीए, म्हणजे तो निळा, 15 पिनांचा, दोन बाजूंनी स्क्रू आवळायचा प्रकार, 1987 पासूनचा, आणि मॉनिटरला एचडीएमआय नि डिस्प्लेपोर्ट, म्हणजे चित्राची केबल लावायचे नवे प्रकार. दुकानदाराने दिली एक केबल, दोन्ही टोकं बरोब्बर बसली, स्क्रीन मात्र काळी ती काळीच! मग कळलं की ती एचडीएमआयकडून व्हीजीएकडे जाणारी होती, उलट चालत नाही. व्हीजीए अ‍ॅनालॉग, एचडीएमआय डिजिटल, म्हणजे एकात चित्र विजेच्या चढउतारांनी जातं नि दुसऱ्यात आकड्यांनी, त्यामुळे मधे चिपवाला कन्व्हर्टर लागतो आणि त्याचीही दिशा ठरलेली असते. आवाजाची वायर वेगळी, कारण व्हीजीएतून आवाज जातच नाही.

डिस्प्लेपोर्टचंही तसंच, त्यातून एचडीएमआय बहुतेक वेळा साध्या केबलने मिळतं, उलटं नाही.

टाइप-सीचं तर विचारूच नका, भोक तेच पण प्रत्येकातून व्हिडिओ येईलच असं नाही, माझ्या फोनची चार्जिंगची केबल लावून बघितली, चार्जिंग झालं फक्त.

शेवटी कन्व्हर्टर आणला, यूएसबीतून पॉवर घेणारा. चालतंय. अक्षरं जरा पुसट दिसतात, पण आईला भजनंच तर ऐकायचीयत.