बिजली आणि कॉकटेल, आठवडा अकरावा: फडफडीनं घात केला

गेल्या वेळी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, माझी कारवान कुत्री बिजली आता कॉकटेलच्या (तुरेवाल्या छोट्या पोपटांच्या) पिंजऱ्यापासून चार फुटांवर चटईवर पडून घोरते म्हणून. ते वाक्य गिळतो. बुधवारी रात्री सगळं मुसळ केरात गेलं.

रात्री दोनच्या सुमारास आमच्या मंगळवार पेठेत लाईट गेली. बाहेर धो धो पाऊस. कॉकटेलवाल्यांना पुढचं सांगायला नको, नाईट फ्राईट, म्हणजे अंधारात दचकून पक्ष्यांनी घाबरंघुबरं फडफडणं. माझ्या दोन कॉकटेलपैकी साखर कशाला तरी दचकून दांडीवरून सुटली आणि अंधारात जाळीवर थडाथड आपटायला लागली. तिचं ऐकून दुसरा, तात्याही. मी बॅटरी शोधेपर्यंत बिजलीनं मधलं दार ढकलून टेबलासकट पिंजरा पाडला होता. पडताना वर सरकणारं दार उघडलं. मी पोचलो तेव्हा तात्या पडद्याच्या दांडीवर, साखर कोपऱ्यात आणि बिजली तिच्यापासून वीतभरावर, पुढचा एक पाय उचलून थरथरत उभी. "बिजली, चटई!" म्हणून ओरडलो. तिनं कानसुद्धा हलवला नाही. शेवटी पट्टा धरून ओढत नेली.

साखरेच्या पंखातलं एक कोवळं, रक्ताचं पीस मोडलं होतं. कॉर्नफ्लोअर दाबून धरलं, रक्त थांबलं. जखम कुठं दिसत नव्हती, पण मानेजवळची पिसं ओली होती. लाळच. दाताचं भोक पिसांखाली सापडतही नाही, आणि कुत्र्याच्या तोंडातले जंतू एकदा आत गेले की नव्वद ग्रॅमच्या जिवाला सावरायला वेळ मिळत नाही. "बघू उद्या कशी आहे ते" हे इथं चालत नाही. सकाळी दवाखाना उघडायच्या आधी दारात जाऊन उभा राहिलो. अँटिबायोटिक चालू आहे. आज पाचवा दिवस, राळ्याचं कणीस फोडून खातीये आणि हात आत घातला की फुसकारतीये. म्हणजे बरी आहे.

आता चूक कुठं झाली ते. दहा आठवडे मी बिजलीला बसलेल्या पक्ष्यांसमोर शांत राहायला शिकवलं. बसलेल्या पक्ष्याचं तिला पहिल्यापासून काही नव्हतंच! कारवान म्हणजे नजरेवर शिकार करणारी जात. ससा बसलाय तोवर तो दगड, पळाला की ससा. आणि मी काय करायचो, तर पिंजऱ्यात जरा फडफड झाली की सेशन बंद. नेमका तोच धडा दहा आठवडे गाळला.

गुरुवारपासून तो धडा घेतोय. आई परसात पंधरा फुटांवर उभी राहून टॉवेल झटकते, मी इकडं उकडलेली कलेजी घेऊन. ("अरे, भूत उतरवायलायस का कुत्र्याचं?" इति आई.) पंधरा फुटांवर बिजली एकदा बघते आणि मान वळवून माझ्याकडं येते. बारा फुटांवर तसंच. दहावर आलो की पाय उचलून पुतळा, कलेजी नाकाला लावली तरी पत्ता नाही. तीन दिवस दहावरच अडकलोय. मोबाईलवर फडफडीचा नुसता आवाज लावला तर मान तिरकी करते आणि परत झोपते. म्हणून ते रेकॉर्डिंग आज डिलीट करणार होतो.

तोवर तात्याचं प्रकरण. बिजलीला बोलवायची माझी शिट्टी त्यानं हुबेहूब उचललीये. शनिवारी चारदा मारली. चारही वेळा बिजली परसातून धावत आली, माझ्यासमोर बसली, कलेजी मिळाली नाही तशी तात्याकडं बघितलं. वैतागून शिट्टीच बदलावी म्हणत होतो.

पण थांबा, हे लिहितानाच डोक्यात येतंय. पक्ष्याच्या आवाजावर ती माझ्याकडं आली की! फडफडीकडं दुर्लक्ष कर म्हणून मी तिच्या मागं लागलोय, ते या जातीला जमायचं नाही. त्यापेक्षा फडफड हाच हुकूम केला तर? फडफड ऐकली की चटई, चटईवर कलेजी. आवाजाला ती थंड आहे, म्हणजे सुरुवात तिथूनच. रेकॉर्डिंग, लगेच "चटई", लगेच कलेजी, दिवसातून पाच वेळा. मी बोलायच्या आधी ती चटईवर जायला लागली की मग टॉवेल, परत पंधरा फुटांपासून. खरे पक्षी सगळ्यात शेवटी, तेही दुहेरी जाळीआड आणि पट्टा हातात ठेवून. आईला आठवडाभर सुट्टी.

तोवर बंदोबस्त. ऑनलाइन मिळतात त्या वर सरकणाऱ्या दाराच्या पिंजऱ्यांवर माझा आता काडीचा विश्वास नाही. उद्यमनगरात अर्धा इंची जाळीचा, बाजूला उघडणाऱ्या दाराचा, भिंतीत बोल्ट मारून बसणारा करायला टाकलाय. गॅल्व्हनाइज्ड जाळी असल्यानं व्हिनेगर लावून ब्रशनं घासणार, नाहीतर चोचीवाटे जस्त पोटात जायचं. झिरोचा बल्ब इन्व्हर्टरवर घेतला. मधल्या दाराला कडी लावली आणि काचेला दुधी फिल्म. आपल्या कोल्हापूर संस्थानात शिकारी चित्त्यांच्या डोळ्यांवर टोपडं चढवूनच नेत, काळवीट टप्प्यात आल्यावर ते उतरायचं. चित्तेवानांना जे ठाऊक होतं ते मला बुधवारी रात्री दोन वाजता कळलं.

तात्यानं आत्ता पुन्हा शिट्टी मारली. बिजली येऊन गुडघ्याशी बसलीये, माझ्याकडं बघत. देऊन टाकतो एक तुकडा.