फक्कीची दोन वर्तुळं

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा, असं पत्र आलं. शाळेबद्दल लिहायला बसलो आणि पानभर मजकूर सरांवरच गेला. तो फाडला, पुन्हा लिहिलं, तरी सरच. आता तसंच पाठवतो आहे. नाव लिहीत नाही. बारावी शास्त्रचे गणिताचे सर म्हटलं की आपल्यापैकी कुणालाही दुसरं कुणी आठवणार नाही.

आमची तुकडी २००२-०३ ची. आयआयटीच्या २००२ च्या चाळणी परीक्षेतला एक प्रश्न सरांनी फळ्यावर लिहिला. दोन संमिश्र संख्या: |झेड१| = १२ आणि |झेड२ − ३ − ४आय| = ५. तर |झेड१ − झेड२| ची किमान किंमत किती? पर्याय ०, २, ७, १७.

मी एक्स आणि वाय घालून दोन पानं भरली. चार चलं, दोन अटी, हाती काही लागेना. मग एकदम सुचलं, की संमिश्र संख्या म्हणजे प्रतलावरचा एक बिंदू आणि उभ्या रेघांमधली किंमत म्हणजे अंतर. झेड१ शून्यापासून १२ वर, झेड२ (३, ४) या बिंदूपासून ५ वर. ही तर दोन वर्तुळं! केंद्रांमधलं अंतर ५, त्रिज्यांची बेरीज १७. अंतर बेरजेपेक्षा कमी, म्हणजे वर्तुळं छेदतात, म्हणजे उत्तर शून्य. वही घेऊन मोठ्या ऐटीत टेबलापाशी गेलो.

सर चूक म्हणाले नाहीत. म्हणाले, "पीटीच्या सरांकडून फक्की आण. सुतळी आणि दोन खुंट्याही."

मधल्या सुट्टीत ध्वजस्तंभापलीकडे त्यांनी पहिली खुंटी ठोकली आणि १२ फुटांच्या सुतळीने मोठं वर्तुळ आखून घेतलं. खुंटीपासून पूर्वेला ३ फूट, तिथून उत्तरेला ४ फूट मोजून दुसरी खुंटी. तिच्याभोवती ५ फुटांचं धाकटं वर्तुळ. ते पहिल्या खुंटीला चाटून गेलं आणि सगळंच्या सगळं मोठ्याच्या पोटात राहिलं. कुठेच छेदत नव्हतं.

"छेदायला अंतर बेरजेपेक्षा कमी असून भागत नाही," सर म्हणाले, "वजाबाकीपेक्षा जास्तही लागतं. बारातून पाच गेले, सात. तुझं अंतर पाचच."

मग मला धाकट्या रेघेवर उभं केलं, माझ्या बाकावरच्या मित्राला मोठ्या. "रेघ न सोडता जितकं जवळ येता येईल तितकं या." आम्ही सरकत सरकत गेलो आणि दोन्ही खुंट्यांमधून जाणाऱ्या सरळ रेषेवर येऊन थांबलो. पहिल्या खुंटीपासून मी १० फुटांवर, तो १२ फुटांवर. मध्ये २ फूट. "आता लांब जा." मी तिथेच राहिलो, तो त्याच रेषेवर खुंटीच्या पलीकडे गेला. १० आणि १२, बावीस. रेषा सोडून तो इकडेतिकडे सरकला की सुतळी सैल पडायची. त्रिकोणाच्या दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी असते, हे घोकलेलं वाक्य त्या दिवशी हाताला कळलं.

सुतळी गुंडाळताना सरांनी कॅस्पर वेसेलबद्दल सांगितलं. संमिश्र संख्या म्हणजे प्रतलावरची दिशा असलेली रेघ, असं १७९७ मध्ये डेन्मार्कच्या अकादमीपुढे मांडणारा हा माणूस पेशाने जमीन मोजणारा होता. सर ते फार मायेने सांगत होते.

मी आज शिरोली एमआयडीसीत पंपांच्या डिझाइनचं काम करतो. आमच्या पंपात केसिंग म्हणजे मोठं वर्तुळ आणि रोटर म्हणजे आत एका बाजूला सरकवून बसवलेलं धाकटं. दोघांतली सर्वांत कमी फट म्हणजे केसिंगच्या त्रिज्येतून रोटरची त्रिज्या आणि केंद्रांमधलं अंतर वजा करायचं. बारातून पाच आणि पाच. तेच गणित! ती फट चुकली तर रोटर घासतो नाहीतर दाब बसत नाही. नवी मुलं संगणकाकडून आकडा घेतात, हुशार आहेत, पण मी त्यांना आधी कागदावर दोन वर्तुळं काढायला लावतो. कुणी विचारलं तर सरांचं नाव सांगतो. सरांना मात्र हे इतक्या वर्षांत एकदाही कळवलं नाही, आणि त्याची मला लाज वाटते.

मागच्या वर्षी शाळेवरून गेलो होतो. ध्वजस्तंभापलीकडे पेव्हर ब्लॉक बसले आहेत. चिखल होत नसेल, मान्य. पण तिथे आता खुंटी कुठे ठोकायची?

मेळाव्याला येतो आहे. सरांचे गुडघे दुखतात असं ऐकलं, त्यांच्यासाठी खुर्ची मांडून ठेवा. मी पंपाचं ड्रॉइंग आणतो, सुतळी आणि खुंट्याही आणतो. मोठ्या वर्तुळाला चोवीस फूट मोकळी माती लागेल. ती कुठे उरली आहे, तेवढं कळवा.